संशोधक व्हायचं म्हणजे घरचं सगळं मागे टाकायचं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत):

मी २९ वर्षांची आहे, मूळची बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोड कामगार. माझी शाळेची सुरुवातीची वर्षं अर्धी गावात आणि अर्धी कारखान्याच्या तळावर, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) गेली. आता पुण्यात समाजशास्त्रात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष संपत आलंय. विषय आहे ऊसतोडीच्या टोळ्यांमधल्या मुलींची शाळा का सुटते. डिपार्टमेंटमध्ये सगळे इंग्रजीत, थिअरीच्या भाषेत बोलतात, मीपण तसं बोलायला शिकले आणि आता लोक कौतुक करतात, पण माझ्या सख्ख्या मावशीला प्रबंधात 'रिस्पॉन्डंट (मुलाखत देणारी) क्रमांक सात' लिहिते तेव्हा पोटात तुटतं. गाईड म्हणतात लिखाण फार भावनिक आहे, 'मी' काढून टाक. सेमिनारला मात्र माझी ओळख 'ही स्वतः ऊसतोड कुटुंबातली' अशीच करून देतात आणि मग विश्लेषणावर कुणी काही विचारत नाही, सगळ्यांना माझी गोष्ट ऐकायची असते. इंग्रजी नीट करायला चॅटजीपीटी वापरते, नंतर वाचलं की हे मी लिहिलंय असं वाटतच नाही. गावी गेले तर मावशी म्हणाली, 'आमचं लिहून तुला नोकरी लागंल, आमचं काय?' आणि मुलाखतींमधून काही गोष्टी अशा येतायत की लिहिल्या तर आपल्याच बायकांवर खापर फुटेल. ताई, हे सोडून एखाद्या संस्थेत काम करावं, की डोळे मिटून डिग्री घ्यावी आणि मग स्वतःसारखं जगावं? खरं राहून संशोधक होता येतं का?

उत्तर:

तू मला ताई म्हटलंयस म्हणून मीही सरळ 'तू'च म्हणते. तुझं पत्र मी सावकाश वाचलं, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की ज्या मुलीला हे प्रश्न पडतायत तिचा प्रबंध मला वाचायचाय. हे तुझ्या समाधानासाठी म्हणत नाहीये. मी बरीच वर्षं शिकवलं, तोंडी परीक्षांना बसले, कितीतरी प्रबंध असे पाहिले की त्यात लिहिणाऱ्याला कुठेच काही टोचलेलं नसतं, आणि ते पानापानावर कळतं.

तू दोन रस्ते लिहिलेस, सोडून द्यायचं किंवा डोळे मिटून डिग्री घ्यायची. दोन्हींच्या मागे एकच गोष्ट तू गृहीत धरलीयस, की 'खरी मी' म्हणजे पुण्याला येण्याआधीची मी, आणि इथे जे काही शिकले तो वरून चढवलेला कपडा. मला इथे जरा थांबून विचारायचंय. तुझे वडील मुकादमाकडे, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडे, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) मागायला जायचे तेव्हा ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात घरी बोलायचे का? फडात मोळी बांधताना आई दुसऱ्या बायकांशी जशी बोलायची तशीच कारखान्याच्या शेतकी ऑफिसातल्या माणसाशी बोलायची? नाही ना. माणूस बघून भाषा बदलते, आणि त्यासाठी आपण आईवडलांना कधी खोटं म्हणत नाही. तू इंग्रजी शिकलीस, थिअरीचे शब्द शिकलीस, त्यातले काही तुला मनापासून आवडलेही असतील (पत्रात तसं लिहिलं नाहीस, पण मला वाटतं आवडले असणार, आणि त्याचं अपराधीपण वाटून घ्यायचं कारण नाही), तर हे सगळं आता तुझंच आहे. २९ वर्षांच्या बाईनं दहा वर्षांच्या मुलीसारखंच राहायचं अशी अट कुणी घातलीय?

म्हणजे तुझं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. दुखणं खरं आहे, फक्त ते भाषा बदलल्याचं नसावं. तुला जे माहीत आहे ते कागदावर येऊ शकत नाहीये, आणि जे कागदावर येतंय ते तुला पूर्ण पटलेलं नाही, दुखतंय ते इथे. हे वेगळं केलंस तर पुढचं सगळं सोपं नाही पण निदान स्पष्ट होईल.

आता 'मी' काढून टाक या सल्ल्याबद्दल. गाईडचं सगळं चूक आहे असं धरून चालू नकोस. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला, पंचवीस वर्षांचे होते ते. जातीतच लग्न करण्याचं बंधन हा जातीचा गाभा, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा ते बंधन टिकवायला कशा उपयोगी पडल्या, अशी थंड डोक्यानं केलेली मांडणी आहे ती. स्वतःवर काय गुजरलं ते त्यात नाही. पण त्याच माणसानं पुढे साधारण वीस वर्षांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या, मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान मुलांना जात कळल्यावर गाडीवान बसवून घ्यायला तयार होत नाहीत ती हकीगत त्यातलीच. मग यातले खरे आंबेडकर कुठले? मला तर दोन्हीकडे तेच दिसतात. पहिल्या ठिकाणी युक्तिवादाला 'मी' लागत नव्हता म्हणून नाही, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याशिवाय सांगताच आलं नसतं म्हणून आहे. आणि लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहून मागितला तेव्हा त्यांनी १९२३ मध्ये मांडणी बदलून दिला, निष्कर्ष तेच ठेवले. तुझ्या गाईडशी बोलताना हे डोक्यात असू दे. सूर बदलायला सांगितला तर बदलून बघायला हरकत नाही, निष्कर्ष बदलायला सांगितला तर पुरावा मागायचा.

दुसरं उदाहरण पलीकडच्या बाजूचं. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजच्या मोठ्या प्राध्यापक, कवट्या आणि हाडं मोजणारं शास्त्र जर्मनीत शिकून आलेल्या. त्या पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यावर मराठीत लिहिलं, त्याचं इंग्रजी १९६२ मध्ये जर्नल ऑफ एशियन स्टडीजसारख्या नियतकालिकात छापून आलं. त्यात 'मी' आहे, भरपूर आहे. दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, एकत्र चालायचं, एकत्र अभंग म्हणायचे आणि जेवायला वेगळं बसायचं, हे त्यांना सलत राहिलं. मराठा बायकांबरोबर जेवल्यावर त्या बायका जवळ आल्या, हात धरून चालायला लागल्या, ताई म्हणायला लागल्या, पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणाल्या. आणि मग एका तरुण मुलीनं विचारलं की आता वागताय तशाच तेव्हाही वागाल का? तो प्रश्न मनाला किती लागला हे बाईंनी लपवलं नाही, छापून टाकलं. त्या एका प्रश्नामुळे वाचणाऱ्याला कळतं की लिहिणारी कोण, कुठे उभी आहे, तिला काय दिसलं असेल आणि काय दिसलं नसेल. तिथला 'मी' रडायला किंवा सहानुभूती मिळवायला आलेला नाही, तो पुराव्याचाच भाग आहे.

म्हणून तुझ्या लिखाणातला प्रत्येक 'मी' तपासून बघ. जिथे तो वाचणाऱ्याला काहीतरी जास्तीचं कळायला मदत करतो तिथे ठेव, आणि त्यासाठी भांड. जिथे तो फक्त 'बघा आम्ही किती सोसलं' एवढंच म्हणतोय तिथे तो तुझ्या युक्तिवादाची जागा अडवतोय, तो काढ. गाईडना भेटायला जाशील तेव्हा पूर्ण प्रकरण नेऊ नकोस, एकच पान ने आणि विचार की सर, यातलं कुठलं वाक्य भावनिक वाटतं ते पेननं दाखवा. 'फार भावनिक' या शेऱ्याचं तू काहीच करू शकत नाहीस, खूण केलेल्या तीन वाक्यांचं करू शकतेस. आणि बऱ्याचदा असं होतं की खूण करायला बसल्यावर त्यांनाच वाटतं की हे राहू दे. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात दोन-तीन पानं 'संशोधकाची जागा' म्हणून वेगळी लिही. आज हे जगभर मान्य आहे, ते लिहायला नाही म्हणणारा गाईड अडून बसला तरी सल्लागार समितीपुढे मुद्दा मांडता येतो.

त्या दोन-तीन पानांत काय लिहायचं? तू ऊसतोड कुटुंबातली आहेस हे एका ओळीत होतं. त्यापुढचं महत्त्वाचं आहे, की या नात्यामुळे कुठली दारं उघडली आणि कुठली बंद झाली. एक अगदी बारीक गोष्ट सांगते, तू नक्की अनुभवली असशील. मुलाखत देताना मावशी मध्येच म्हणते, 'आता तुला काय सांगू, तुला माहितीच हाय की.' आणि तिथे ती थांबते, आणि तूही मान डोलवतेस, आणि पुढचा प्रश्न घेतेस. रेकॉर्डिंगमध्ये तिथे काहीच नाही. नंतर लिहिताना ती मोकळी जागा तू तुझ्या आठवणींनी भरतेस, आणि ती आठवण वीस वर्षांपूर्वीच्या एका टोळीची, एका कोपीतली आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला हा धोका नाही, त्याला काहीच माहीत नसतं म्हणून तो सगळं विचारतो. तुला आहे. तर पुढच्या वेळी थांब आणि म्हण, 'मावशे, मला ठावं नाही असं धर आणि सांग.' हसतील, पण सांगतील. आणि जे सांगतील ते तुझ्या आठवणीशी जुळेलच असं नाही.

हे मी मुद्दाम लांबवून लिहिलं कारण तुझ्यासारख्या मुलामुलींच्या मनात (आणि त्यांचं कौतुक करणाऱ्यांच्याही मनात) अशी एक समजूत असते की जगलोय म्हणजे कळलंय. जगणं ही फार मोठी शिदोरी आहे, पण तेवढ्यावर प्रबंध होत नाही. तुझ्या बापाची टोळी बैलगाडीची असेल तर ट्रॅक्टरच्या टोळीतल्या मुलींचा दिवस वेगळा असणार. सांगली-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांचं वेगळं, कर्नाटकात जाणाऱ्यांचं वेगळं, तिथे तर शाळेची भाषाच बदलते. या सगळ्यांकडे तू स्वतः जाऊन विचारलंस तरच ते तुझं ज्ञान.

आणि सेमिनारमध्ये तुझी गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनाही हेच लागू होतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत एक लेख लिहिला होता, आपल्याकडची सामाजिक शास्त्रं कितपत समतेची आहेत असा प्रश्न विचारणारा. मुद्दा असा की थिअरी मांडायचं काम काही लोकांकडे आणि अनुभव, माहिती पुरवायचं काम बाकीच्यांकडे, अशी इथेही उतरंड झालीय, आणि दलितांनी अनुभवापाशी थांबू नये, थिअरीवर हक्क सांगावा. तुझं सेमिनारमधलं दुखणं नेमकं हेच आहे. तुला अनुभवाच्या खुर्चीत बसवतात आणि विश्लेषणाची खुर्ची दुसऱ्याला देतात. यावर चिडून थिअरी सोडू नकोस, उलट ती खुर्ची ओढून घे. एक साधी गोष्ट कर. आयोजकांना ओळखीच्या चार ओळी स्वतः लिहून पाठव, त्यात विषय, कुठल्या तालुक्यांत काम केलं, काय मांडणार आहेस एवढंच. घरचं सांगायचं की नाही हे तू ठरव, आणि सांगायचं ठरलं तर तूच तुझ्या तोंडून, जिथे तुझ्या मुद्द्याला लागतं तिथे सांग. आणि प्रश्नोत्तरात कुणी 'तुमच्या बालपणाबद्दल सांगा ना' म्हटलं तर एक वाक्य तयार ठेव, 'ते नंतर चहाला नक्की बोलू, आत्ता मला तुमच्याकडून माझ्या या दुसऱ्या निष्कर्षावर ऐकायचंय.' हे उद्धट नाही, सभागृहाला कामाला लावणं आहे.

आता सगळ्यात अवघड भाग, आपल्याच बायकांवर खापर. तू स्पष्ट लिहिलं नाहीस पण अंदाज येतो. मुलींची शाळा आईनंच सोडवली, लग्न आईनंच लवकर लावलं असं मुलाखतींमध्ये येतंय, बरोबर ना? आणि तुला वाटतंय हे लिहिलं की शहरातला वाचक म्हणणार, बघा, यांच्या आयाच अशा.

लपवू नकोस. माझं यावर ठाम मत आहे. कारण खरं राहायचं म्हणजे फक्त स्वतःच्या मुळांशी खरं राहायचं असं नाही ना, जे सापडलं त्याच्याशीही खरं राहायचं असतं, आणि संशोधक म्हणून तुझी कसोटी इथेच आहे. पण लपवू नकोस म्हणजे अर्धं लिही असंही नाही. आईनं निर्णय घेतला हे लिही, आणि तो निर्णय घेतला त्या दिवशी तिच्यापुढे काय काय होतं तेही तेवढ्याच बारकाईनं लिही. उचल कोयत्याला मिळते, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकट्या बाईचा किंवा एकट्या गड्याचा अर्धाच धरतात. म्हणजे घरात लग्न झालं की कमावणारी एक जोडी तयार होते. पहाट व्हायच्या आत आई फडात गेली की कोपीत तेरा-चौदा वर्षांची मुलगी लहान भावंडांना घेऊन एकटी, आणि कोपीला धड दार नाही. गावात मागे ठेवायची तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. हंगामी वसतिगृहाची (आईवडील तोडीला गेले की मुलांना गावातच ठेवायची) योजना कागदावर आहे, पण तुझ्या गावांत ती त्या वर्षी सुरू होती का, किती मुली राहिल्या, हे तू तपास, पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारता येतं, नाहीच मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर. हे सगळं एका पानावर आलं की आईकडे बोट दाखवणाऱ्या वाचकाला बोट कुठे न्यायचं ते आपोआप कळेल. तुला वकिली करायची गरजच पडणार नाही.

आणि 'रिस्पॉन्डंट क्रमांक सात'बद्दलही जरा वेगळं बघ. २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली आणि १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचं समोर आलं. यातल्या एकाही बाईचं नाव आपल्याला माहीत नाही, प्रत्येकजण तिथे एक आकडाच आहे. तरी तो आकडा नसता तर दवाखान्यांच्या दारात काय चाललंय ते 'एखाद-दुसरी केस' म्हणून झटकून टाकता आलं असतं. तेव्हा आकडा म्हणजे माणसाचा अपमानच असं नाही. शिवाय क्रमांक मावशीला वाचवतोही. तिनं मुकादमाबद्दल, उचलीच्या हिशोबाबद्दल, खाड्याला (कामावर न गेलेल्या दिवसाला) किती दंड कापला याबद्दल जे सांगितलंय ते तिच्या नावानं छापलंस तर पुढच्या हंगामात तिला टोळीत कोण घेणार? पण क्रमांकच हवा असं कुठे आहे, तिलाच विचार तुला काय नाव घालू, स्वतःचं दुसरं नाव निवडायला बायकांना आवडतं. आणि जिथे धोका नाही तिथे खरं नाव देण्याचीही आपल्याकडे चांगली उदाहरणं आहेत. गी पॉयट्वँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या ओव्यांसोबत गाणारीचं नाव आणि गाव येतं. मावशीनं एखादं गाणं, एखादी म्हण, एखादं मोजमाप सांगितलं असेल तर तिचं नाव ऋणनिर्देशात सरळ येऊ शकतं, तिनं हो म्हटलं तर.

चॅटजीपीटीबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. व्याकरण तपासायला, स्पेलिंगला, एखादं वाक्य अडलं तर वापर, त्यात लाज नाही, इंग्रजी माध्यमवालेही वापरतात. पण तू म्हणतेस नंतर वाचलं की मी लिहिलंय असं वाटत नाही, तर तुझा कान बरोबर सांगतोय. ते यंत्र वाक्य गुळगुळीत करतं आणि करताना तुझा नेमका शब्द काढून त्या जागी सगळीकडे चालेल असा शब्द घालतं. तू 'खाडा' लिहिलंस की तिथे 'अॅबसेन्स' येतं, आणि खाड्यामागचा दंड, दंडामुळे तापातही फडात जाणारी बाई, सगळं गेलं. म्हणून क्रम बदल. फील्डवरून आलीस की त्याच संध्याकाळी तुझ्या बोलीत लिही, कोपी, उचल, खाडा, वाढे (उसाचे शेंडे), सगळं तसंच. त्यावरून मुद्दा काय निघतो तेही आधी मराठीतच लिही. मग स्वतः इंग्रजीत आण, ओबडधोबड आलं तरी चालेल, आणि हे शब्द इंग्रजीतही तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे एकेक ओळ अर्थ दे. यंत्र सगळ्यात शेवटी, एकेका वाक्यापुरतं. आणि मुलाखतींची ट्रान्सक्रिप्ट त्यात कधीच टाकू नकोस, त्या बायकांनी तुला सांगितलंय, कुठल्या कंपनीला नाही. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १० टक्क्यांच्या आत आलं म्हणजे २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत बसलं, पण ते लिखाण तुझं आहे का हे त्या टक्क्यावरून कळत नाही, ते तुलाच बघावं लागेल. विद्यापीठाचं या टूल्सबद्दल काही धोरण असेल तर तेही गाईडला स्पष्ट विचारून घे, काय वापरतेस ते सांगून टाक.

अजून एक विचार, प्रबंध इंग्रजीतच द्यायचाय हे नक्की ठरलंय का? बऱ्याच विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांचा प्रबंध मराठीतही देता येतो. मी मराठीतच दे असं म्हणणार नाही, कारण पुढे नोकरी, बाहेरच्या परिषदा, पोस्टडॉक याला इंग्रजी लागतं आणि तुला ते आता येतंय. पण निवड करून इंग्रजीत लिहिणं आणि दुसरं काही असतं हे माहीतच नसल्यामुळे लिहिणं यात फरक पडतो. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, तिकडच्या बर्कली विद्यापीठाला ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध दिला आणि मग आयुष्य सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात काढलं. त्या दोन्ही भाषांत ये-जा करत राहिल्या, तुलाही करता येईल.

मावशीच्या प्रश्नाला मात्र गोड उत्तर माझ्याकडे नाही. तिचं म्हणणं खरं आहे, तुला डिग्री मिळेल, तिला मिळणार नाही, आणि हे तिच्यापाशी मान्य कर, 'नाही गं, तुमच्यासाठीच करतेय' असं म्हणू नकोस, ते तिलाही पटणार नाही. प्रबंधानं तिची उचल फिटणार नाही. पण लहान, करता येण्यासारखी कामं आहेत. टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात, तर त्या परत आल्यावर, जत्रांच्या दिवसांत, पंधरा-वीस बायकांना बसवून प्रकरणाचा सारांश मराठीत वाचून दाखव. तासाभराचं काम आहे. चुकलेलं त्या तिथल्या तिथे सांगतील, 'असं नव्हतं गं' म्हणतील, आणि ते तुझ्या प्रबंधाला कुठल्याही परीक्षकापेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्यांना पटलं नाही तरी तुला पुरावा आहे असं काही निघालं तर दोन्ही लिही, त्यांचं म्हणणं आणि तुझं. आणि मुलीचा दाखला, ट्रान्सफर, वसतिगृहाचा फॉर्म यासाठी कुणी फोन केला तर मदत कर, संशोधकानं अंतर ठेवायचं वगैरे त्या वेळी बाजूला राहू दे. फक्त फॉर्म भरून दिला त्या घरची मुलाखत वेगळी नोंदव, कारण ती माणसं आता तुला बरं वाटेल असं बोलू शकतात.

संस्थेत काम करण्याबद्दल. जायचं असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही, चांगल्या संस्था आहेत आणि मुलींना शाळेत टिकवण्याचं थेट समाधान आहे. पण तिथे गेलं की आपोआप खरं जगता येईल हे धरून जाऊ नकोस. तिथेही देणगीदाराला अहवाल लागतो, अहवालाला यशोगाथा लागते, आणि यशोगाथेला तुझ्या मावशीचा फोटो लागतो. हाच प्रश्न दुसऱ्या कपड्यात समोर येईल. आणि 'डोळे मिटून डिग्री, मग स्वतःसारखं' हा रस्ता मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण डिग्रीनंतर नोकरी, नोकरीनंतर कन्फर्मेशन, मग प्रमोशनचे पॉइंट, डोळे उघडायचा दिवस पुढेच जात राहतो. पाच-सहा वर्षं न पटणारं लिहिलं की तेच हाताला बसतं.

हे वाचणाऱ्यांत लॅबमध्ये काम करणारीही असतील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून येऊन केमिस्ट्रीत, बायोटेकमध्ये पीएचडी करणारी. तुमचा प्रश्न वरून वेगळा दिसतो, तुमच्याकडे मावशी नाही, पण प्रयोगाचा आलेख हवा तसा येत नसताना दोन बिंदू गाळून टाक म्हणणारा सीनियर असतो, काम न करता पेपरवर नाव घालणारे असतात. दुष्काळी गावातून आलो म्हणून लाजायचं नाही हे तर आहेच, पण त्याहून रोजचं काम म्हणजे नोंदवहीत न आलेला निकालही त्याच तारखेला, त्याच शाईनं लिहिणं. आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची सक्ती ठेवलेली नाही, तुमच्या विद्यापीठानं वेगळी अट घातलीय का तेवढं बघून घ्या. आणि तशी अट असली तरी एक खरा पेपर उशिरा आला तरी चालतो.

तुझ्याकडे वेळ आहे, मैत्रिणी. प्रवेशापासून सहा वर्षं, त्यावर रीरजिस्ट्रेशनची दोन, आणि बाईला आणखी दोन वर्षांची सवलत आहे. फेलोशिप त्याआधी संपते, म्हणून पैशाचं गणित आताच कागदावर मांड, आणि घरच्यांना किती वर्षं किती पाठवू शकशील ते मोकळेपणानं सांगून टाक, ते ओझं मनात ठेवून लिहिणं फार जड जातं. बाकी माझा आग्रह एवढाच, की आयांचा निर्णय हे जे प्रकरण तू टाळतेयस ना, ते सगळ्यात आधी लिहायला घे. मराठीत, गाईडला दाखवायचं नाही असं ठरवून, दहा पानं. त्यातलं काय ठेवायचं ते पुढच्या सल्लागार समितीच्या बैठकीआधी ठरवता येईल, आधी ते कागदावर तर येऊ दे.